चाकागणिक भाव

१२ नोव्हेंबर

अगं,

सोमवारी सकाळी मी एक गोष्ट केली. फोनवरच सांगणार होतो, पण तिकडे तुमचा फोन तुझ्या आईंच्या उशाशी असतो, आणि आपण दोघं फोनवर 'जेवलात का', 'जेवले' याच्या पुढे कधी गेलोच नाही. म्हणून जुन्या सवयीने पत्र लिहितो.

सोमवारी उजाडताना गाडी रिकामी करून यार्डात आणली. बादली घेतली, फडकं घेतलं आणि गाडी धुवायला लागलो. वरून सुरुवात केली. टप, काच, दारं, डिझेलची टाकी, मागचा फाळका आणि मग एकेक चाक. दहा चाकं. आतल्या बाजूला हात घालून गेल्या पावसाळ्यापासूनची माती खरवडून काढली. अडीच तास लागले. कुणी सांगितलं नव्हतं, पण दुसऱ्याच्या हातात द्यायची वस्तू मळकी देऊ नये असं वाटलं. शेवटी बॉनेटवर हात ठेवून देवाचं नाव घेतलं, ऑफिसात गेलो आणि किल्ली मालकांच्या टेबलावर ठेवली.

मालक म्हणाले, "रजा पाहिजे?"

म्हटलं, "नको. आता बस झालं."

"कोण जास्त पगार देतंय?"

"कुणीच काही देत नाही."

"मग डोकं फिरलंय का? सव्वीस वर्षं झाली की रे!"

"म्हणूनच," म्हटलं.

तू कारण विचारशील. कारण कंबर. क्लच दाबला की कळ पार टाचेपर्यंत जाते, हे तुला ठाऊकच आहे.

आता पुढचं. मी गाडी धूत होतो तेव्हा शेजारच्या गाडीत आमचा लांबू झोपला होता. त्याचे गुडघे खिडकीतून बाहेर येतात म्हणून सगळं यार्ड त्याला लांबूच म्हणतं. तो उठून बघत बसला. म्हणाला, "उस्ताद, एवढ्या मायेने मी तोंडसुद्धा धूत नाही. माझीही धुऊन द्या की, पैसे देतो." मी हसण्यावारी नेलं. मग तो खरंच सांगू लागला. सर्व्हिस स्टेशनला तीन तास रांग. नंबर सोडून झोपता येत नाही. मळकी गाडी मोठ्या कारखान्यांच्या फाटकावर आत घेत नाहीत. ड्रायव्हर बिचारा झोपणार कधी? तेव्हा माझ्या मनात आलं की गाडी उभी असते तिथेच पाणी घेऊन गेलं तर? एक छोटा टेम्पो, त्यावर हजार लिटरची टाकी, पंप आणि लांब नळी. ड्रायव्हर झोपलेला असतानाच गाडी धुऊन मोकळी.

स्वतःच्या घरासाठी आपण बाजूला ठेवलंय त्यातलं थोडं लागेल. तुझ्या शब्दावाचून हात लावणार नाही.

आईंना नमस्कार सांग. हात हलतो का?

— मी


२० नोव्हेंबर

अहो,

पत्र दोनदा वाचलं. किल्ली खरंच दिलीत, की टेबलावर ठेवून चहा प्यायलात आणि जाताना परत उचललीत? 'ही शेवटची खेप' हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता नुसतं ऐकून विश्वास बसत नाही. टेम्पो दारात आला की बसेल.

आईचा उजवा हात अजून उठत नाही. पाय तसाच. तोंड मात्र दोघींचं मिळून एकटीच चालवते. काल विचारत होती, "तुझा पाहुणा काय म्हणतो?" मी म्हटलं, आई, जावई आहे तो. तर म्हणते, "सव्वीस वर्षांत अकरा वेळा आला. मी मोजलंय. अकरा वेळा येतो त्याला पाहुणाच म्हणतात."  हिशोब तिचा बरोबर होता.

पैसे घ्या. विचारताय कसले? पण ऐका. पंप दुकानात चालवून बघू नका, दुकानात सगळेच पंप शहाणे असतात. तासभर सलग चालवून दाखव म्हणावं. आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आधी घ्या, पंप नंतर. तुम्ही पाण्यात उभं राहून काम करणार आणि सर्दी झाली की पत्रात कळवणारसुद्धा नाही.

कंबरेला शेक देताय ना? नळी ओढताना कंबर लागत नाही होय? तुमचं काही मला समजत नाही.

पुढच्या महिन्यात येतेच.

— मीच


११ डिसेंबर

अगं,

टेम्पो आला. जुना आहे, पण इंजिन इमानदार आहे. टाकी मधोमध पट्ट्यांनी आवळली आहे. पहिल्याच दिवशी शिकलो की टाकी पूर्ण भरावी नाहीतर पूर्ण रिकामी करावी. अर्धी असली की ब्रेक मारल्यावर पाणी मागून असा धक्का देतं, जसा कुणी पाठीवर थाप मारून 'चल पुढे' म्हणतंय. सव्वीस वर्षं वीस टनांची गाडी चालवली, आणि पाचशे लिटर पाण्याने मला घाबरवलं.

पंप तासभर चालवूनच घेतला. दुकानदार वैतागून म्हणाला, "काका, घरी बायको वकील आहे का?" म्हटलं, शिवणकाम करते. नळी शंभर फुटांची आहे, म्हणजे टेम्पो न हलवता दोन गाड्या होतात. एक फेसाची बाटली, दोन लांब दांड्यांचे ब्रश, आणि खाली अंथरायला जाड ताडपत्री. मालकांनी एकच अट घातली आहे, यार्डात चिखल करायचा नाही. घाण पाणी ताडपत्रीवर धरून गटारात सोडतो. बूट घेतले.

मी गाडी मागून पुढे धूत येतो. खरं तर वरून खाली आणि पुढून मागे अशी रीत आहे. पण पुढे ड्रायव्हर झोपलेला असतो. मागून सुरुवात केली की त्याला वीस मिनिटं जास्त मिळतात.

अडचण एकच, भाव. मी सरसकट एकच भाव लावला. काल एकाने चौदा चाकांची गाडी आणली, तिच्यावर वाळलेलं सिमेंट. चार तास घासत होतो, दोन टाक्या पाणी गेलं. त्याच्यामागे एक छोटी गाडी आली, वीस मिनिटांत झाली. दोघांकडून सारखेच पैसे घेतले. छोट्या गाडीवाला गेल्यावर मला लाज वाटली आणि मोठ्या गाडीवाला गेल्यावर कंबर दुखली. तू असतीस तर असं झालं नसतं.

तू येणार होतीस. कधी निघतेस कळव, स्टँडवर येतो. आता मी इथेच असतो.

— मी


१९ डिसेंबर

अहो,

तुम्हाला काय म्हणू? माझ्याकडे कुणी साधा झगा आणला आणि कुणी अस्तराचा कोट आणला, तर मी एकच शिलाई घेते का? लिहून घ्या.

चाकं मोजा. सहा चाकं, दहा, बारा, चौदा. चाकामागे ठरलेले पैसे, म्हणजे वाद नाही. चाकं कुणाला लपवता येत नाहीत. केबिन आतून पुसायची असेल तर ते अस्तर, त्याचे वेगळे. सिमेंट, डांबर, तेल असलं काही असेल तर आधी बोट फिरवून बघायचं, आणि धुण्याआधी आकडा सांगायचा. धुतल्यावर सांगितलेला आकडा गिऱ्हाइकाला नेहमी जास्त वाटतो. पत्र्यावर रंगवून टेम्पोला लावा. तुमच्या तोंडून भाव निघत नाही, तर पत्र्याच्या तोंडून निघू दे.

माझं येणं थोडं लांबलं. आईला एकटीने उठून बसता येऊ लागलं की निघतेच. डॉक्टर म्हणतात सुधारणा आहे. पुढच्या महिन्यात नक्की.

शेजारच्या बाईचा परकर हाताने शिवून दिला. टाके बघून म्हणाली, मशीनवर शिवला का? मला बरं वाटलं.

— मीच


१४ जानेवारी

अगं,

पत्र्यावर भाव रंगवले आणि धंद्याचा जम बसला. सगळ्या यार्डाने वाचले, सगळ्यांनी शहाणपण केलं. काही गाड्यांना एक जादा चाकजोडी असते, गाडी रिकामी असली की ती वर उचलून ठेवतात. लांबू म्हणतो, "उस्ताद, ती चाकं हवेत आहेत. रस्त्याला लागलीच नाहीत तर मळतील कशी? त्यांचे पैसे कसले?" सगळे हसले. मी त्या चाकावर बोट फिरवलं आणि तेच बोट त्याच्या शर्टाला पुसलं. त्याने मुकाट्याने चौदा चाकांचे दिले. तुझा नियम चालला.

पण आज वेगळं लिहायला बसलोय. गेल्या आठवड्यात माझ्या हातून एक चूक झाली.

लांबू लांबच्या खेपेहून आला आणि 'फाटकावर जायचंय, धुऊन टाका' म्हणून झोपला. मी मागून सुरुवात केली. त्याच्या डाव्या दारावर धुळीचा थर होता आणि त्यात एक लहान हात उमटला होता. मी पाहिला. कुणा पोराने खेळताना लावला असेल म्हटलं, आणि नळी फिरवली. दोन सेकंद लागली असतील.

लांबू उठला, गाडीभोवती फिरला आणि त्या दारापाशी थांबला. मग म्हणाला, "छान निघालीय." खिशातून पैसे काढून दिले. घासाघीस नाही, चाकांवर विनोद नाही. तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिघडलं. तो गेल्यावर वॉचमनने सांगितलं. निघताना त्याच्या चार वर्षांच्या लेकीने टाचा उंचावून तो हात धुळीत दाबला होता, आणि 'हा पुसायचा नाही' म्हणाली होती. एकोणीस दिवस त्याने काचा पुसल्या, आरसे पुसले, त्या दाराला फडकं लावलं नव्हतं. मला सांगायला विसरला, झोप होती डोळ्यांत.

संध्याकाळी त्याला गाठून हात जोडले. तो म्हणाला, "उस्ताद, गाडी धुतलीत, गुन्हा नाही केलात. शनिवारी घरी जातोय, पुन्हा उमटवेल."

"आणि तोवर?"

"तोवर स्वच्छ गाडी चालवीन. करतो काय!"

त्या दिवसापासून नळी उचलण्याआधी मी विचारतो, "काही राहू द्यायचंय का?" पहिल्या दिवशी सगळे हसले. तिसऱ्या दिवशी एक पिकल्या मिशांचा ड्रायव्हर हळूच म्हणाला, "आरशाखाली खडूने काहीतरी लिहिलंय, तेवढं राहू दे." काय लिहिलंय ते मी वाचलं नाही.

आता तुला खरं सांगतो. मी कंबरेमुळे गाडी सोडली नाही. कंबर दुखते, पण ती अजून दहा वर्षं दुखली असती आणि मी चालवत राहिलो असतो. आई पडल्या त्या दिवशी तू फोनवर म्हणालीस, 'मी निघतेय', आणि मी म्हणालो, 'सांभाळून जा'. मी तीन दिवसांच्या वाटेवर होतो, दुसरं काय म्हणणार? चौथ्या दिवशी घरी आलो. दाराला कुलूप. सव्वीस वर्षांत मी घरी आलो आणि दाराला कुलूप, असं कधी झालं नव्हतं. शेजारच्या काकूंकडून किल्ली आणली, पण लगेच आत गेलो नाही. पायरीवर बसलो. तू बाजारात गेली असशील, येशील आता, असं उगाच मनाशी म्हणत अर्धा तास बसलो. मग डोक्यात आलं की मी अर्ध्या तासात असा झालो, आणि ही बाई सव्वीस वर्षं बसली. आणि मी येताना हॉर्न वाजवायचो, जसा काही मोठा पराक्रम करून येतोय.

त्या दिवशी देवापुढे बसलो, पण मागायचं काय ते सुचलं नाही. सोमवारी किल्ली देऊन आलो.

आई उठून बसू लागल्या का? तू म्हणत असशील तर मीच तिकडे येतो. टेम्पोला चाकं आहेत. तुमच्या गावात मालाच्या गाड्या येतात का?

— मी


२३ जानेवारी

अहो,

पत्र वाचलं, घडी घातली आणि पुन्हा उघडून वाचलं. आई विचारत होती, "काय झालं? पाहुणा आजारी आहे का?"

त्या ड्रायव्हरचं मला समजलं, तुम्हाला कदाचित नसेल. तुम्ही खेपेवर गेलात की तुमच्या बुटांची माती उंबऱ्यात पडलेली असायची. मी घर झाडायची, आणि उंबरा दोन दिवस सोडून द्यायची. आळस नव्हे. लेक मोठी झाल्यावर म्हणायची, "आई, एवढं घर चकाचक आणि दारात माती?" मी म्हणायची, राहिलं गं. आता ती तिच्या घरी आहे, तिलाही हे सांगितलेलं नाही. तुम्ही पायरीचं लिहिलंत म्हणून लिहिलं.

पण मी काही सव्वीस वर्षं रडत बसले नव्हते, असंही समजू नका. तिथलं अर्धं गाव माझ्या हातचे कपडे घालतं. हॉर्न मला आवडायचा. आता तोही काढून घेऊ नका.

आई बरी आहे. पुढच्या महिन्यात नक्की येते. तुम्ही इकडे यायचा विचारसुद्धा करू नका. इथे कसल्या मालाच्या गाड्या? दोन बस येतात आणि दूधवाला. जम बसलेला धंदा मोडायचा नसतो. तिथेच राहा, मी येते.

— मीच


१७ फेब्रुवारी

अगं,

दोन गोष्टी झाल्या.

पहिली. मालकांनी बोलावलं. म्हणाले, यार्डाच्या कोपऱ्यात पत्र्याचं छप्पर टाकून देतो, नळ देतो, पक्की फरशी आणि गटार करून देतो. माझ्या साठ गाड्या वर्षभर तूच धुवायच्या. टेम्पो विकून टाक, पंप फरशीला ठोकून बसव. चाकाचा भाव तुझाच. मी म्हटलं, विचार करतो. ते म्हणाले, महिनाअखेरपर्यंत सांग, नाहीतर दुसरा बघतो. माणूस वाईट नाही. एवढं कुणी कुणाला देत नाही.

दुसरी गोष्ट. लांबूने मला विचारलं, "वहिनी कुठे असतात?" मी गावाचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "अरे, ते तर माझं नेहमीचं! तिथल्या धान्याच्या गोदामाबाहेर वजनकाटा आहे. काट्यावर नंबर लागायला चार-पाच तास जातात. चाळीस-चाळीस गाड्या उभ्या असतात, आणि पाण्याची बोंब. ड्रायव्हर तोंड धुवायला बाटली विकत घेतात." मी त्याच्याकडे बघत राहिलो. त्याला वाटलं मी धंद्याचा विचार करतोय.

तू लिहिलंस, दोन बस आणि दूधवाला.

तेव्हा तुझी सगळी पत्रं काढून ओळीने लावली. प्रत्येकात एक वाक्य आहे, 'पुढच्या महिन्यात येते'. अगं, हे वाक्य माझं आहे. मी ते तुला सव्वीस वर्षं लिहिलं. कुठल्याशा धाब्यावर, गुडघ्यावर कार्ड ठेवून. लिहिताना मला पक्कं माहीत असायचं की पुढच्या महिन्यात काही येणं होत नाही. तरी लिहायचो, कारण त्याच्याशिवाय पत्र संपवता यायचं नाही. म्हणून दुसऱ्याने लिहिलेलं मला लगेच ओळखू येतं.

मी तिकडे येऊ नये असं तुला वाटत असेल, तर तसं लिही. मी रागावणार नाही. इतकी वर्षं घर तू एकटीने केलंस, आता अचानक मी दिवसभर समोर, याची तुला सवय नाही, हे मला कळतं. पण आई कशा आहेत ते खरं लिही. मालकांना उत्तर द्यायचंय.

— मी


२४ फेब्रुवारी

अहो,

तुम्हाला पत्र लिहिण्यापेक्षा वकिलाला लिहिणं सोपं. सगळी पत्रं ओळीने लावलीत!

खरं लिहिते. डॉक्टरांनी डिसेंबरातच सांगितलं होतं की आई आता उभी राहायची नाही. वर्ष, दोन वर्षं, पाच, कुणी सांगत नाही. तिला तिथे आणता येत नाही. प्रवास झेपायचा नाही, आणि ती घर सोडणारही नाही. तिला सोडून मीही येऊ शकत नाही. एवढंच आहे सगळं.

तुम्हाला का सांगितलं नाही? त्याच आठवड्यात तुमचं टाकीचं पत्र आलं. अर्ध्या टाकीने कसा धक्का दिला ते तुम्ही लिहिलं होतंत. अहो, लग्नानंतर इतक्या वर्षांत तुम्ही मला असं पत्र लिहिलं नव्हतं. आधीची सगळी म्हणजे 'इथे पोचलो, तिथे निघालो, काळजी करू नये'. मला वाटलं, या माणसाला पन्नाशीत एक खेळणं सापडलंय, ते आपण कशाला हिसकावून घ्यायचं. म्हणून दूधवाला लिहिला.

आणि दुसरंही आहे. तुम्ही इथे येऊन राहिलात की लोक काय म्हणतील ते तुम्हाला माहीत आहे. घरजावई म्हणतील. पंचविशीतल्या पोराला म्हणतात तेव्हा हसायला येतं. तुमच्या पिकल्या केसांना कुणी म्हटलेलं मला सहन व्हायचं नाही.

हे मी स्वयंपाकघरात एकटीच लिहितेय असं समजत होते, पण मधलं दार उघडं होतं आणि मी लिहिता लिहिता पुटपुटत असते. आतून आवाज आला, "म्हणू देत की! म्हणणारे माझं अंथरूण बदलायला येतात का?" तुम्हाला येऊ नको असं ती म्हणत नाही, एवढं कळवते.

तुम्ही समोर नको असं मला वाटतं, हे तुमच्या डोक्यात आलंच कसं? पण मी तुम्हाला या म्हणणार नाही. मालकांचं छप्पर घ्या. साठ गाड्या, पक्की फरशी. शहाण्या बायकोने जे लिहायला पाहिजे ते मी लिहितेय. हो म्हणा.

तुमच्या ड्रायव्हरला सांगा की त्याने चाळीस सांगितल्या त्या चुकीच्या आहेत. परवा औषध आणायला गेले तेव्हा मुद्दाम काट्यावरून गेले. बावन्न होत्या.

— मीच


१ मार्च

अगं,

हे पत्र टपालात टाकणार नाही. टपालापेक्षा मी आधी पोचतोय. तरी लिहितो, कारण समोर आलो की मी 'पाणी दे' म्हणेन आणि तू 'हात धुवा' म्हणशील, आणि सगळं तिथेच राहील.

परवा मालकांकडे गेलो. त्यांनी छपराचं माप आधीच खडूने आखून ठेवलं होतं.  म्हटलं, "मालक, मला जमायचं नाही. मी बायकोकडे राहायला चाललोय."  ते म्हणाले, "सासरी?" म्हटलं, "हो, सासरी." ते हसतील अशी तयारी करून गेलो होतो. हसले नाहीत. म्हणाले, "माझी गेली तेव्हा मी वसुलीला बाहेरगावी होतो." आणि फडक्याने स्वतःच ती खडूची रेघ पुसली.

घर सोडलं. घरमालकांनी भिंती बघितल्या, खिळे मोजले आणि हिशोब पुरा केला. तुझं मशीन टाकीच्या बाजूला गादीत गुंडाळून बांधलं. काकूंनी मदत केली आणि मदत करताना रडल्याही. लांबूने टेम्पो पुढून मागून बघितला आणि म्हणाला, "उस्ताद, सामानासकट चाकं मोजली तर चारच. परवडणार नाही तुम्हाला." टाकी रिकामी करून निघालो, नाहीतर वाटभर पाठीवर थापा बसल्या असत्या.

लोकांचं म्हणशील, तर वाटेत मी तो शब्द स्वतःलाच मोठ्याने म्हणून बघितला. घरजावई. पाच-सहा वेळा म्हटल्यावर त्यात काही उरलं नाही. सव्वीस वर्षं मी कुठल्याच घराचा नव्हतो, त्यापेक्षा हे बरं. आईंचं अंथरूण बदलायला मला शिकव. वीस टन माल बांधणाऱ्या माणसाला एका म्हाताऱ्या माणसाला कसं उचलायचं ते येत नाही, पण हात मऊ ठेवीन. यात उपकार नाही. देवाने काम समोर ठेवलं आहे आणि ते मला दिसायला पन्नास वर्षं लागली, एवढंच.

आज सकाळी साडेनऊला काट्यावर पोचलो. आधी तुझ्याकडेच येणार होतो, पण हात हलवत दारात यायला बरं वाटेना. म्हटलं, इथे आपल्याला उभं करतात की नाही ते बघून जावं. काट्यावरच्या कारकुनाला भावाचा पत्रा दाखवला. त्याने चाकांचा हिशोब वाचला आणि म्हणाला, "हे कुणी ठरवलं? चांगलं ठरवलंय." गोदामाच्या विहिरीवरून टाकी भरायला परवानगी दिली. पहिली गाडी धुतली सुद्धा, बारा चाकांची. ड्रायव्हरला आधी विचारलं, काही राहू द्यायचंय का. तो म्हणाला, "सगळं काढा."

मग कारकुनाने जाड वही उघडली. इथे काम करणाऱ्या प्रत्येकाची नोंद लागते. माझं नाव लिहिलं, टेम्पोचा नंबर लिहिला आणि विचारलं, "राहायला कुठे?" मी तुझ्या आईंच्या गल्लीचं नाव सांगितलं, उजवीकडचं तिसरं घर. तो मान वर करून बघायला लागला.

"पाहुणे आलात का? नाही, तात्पुरता पत्ता पेन्सिलीने लिहितो आम्ही. माणसं चार दिवस राहतात आणि जातात."

मी म्हटलं, "शाईने लिहा."

त्याने लिहिलं. मी शाई वाळेपर्यंत उभा राहिलो.

— मी